बॅटरीचा पोल सॉ: करवत लांब, फांदी मात्र डोक्यावर

लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी साखळी करवत म्हणजे पोल सॉ. बार म्हणजे साखळी ज्यावरून फिरते ती पट्टी. ती साधारण ८ ते १० इंची असते. दांडा लांबवला तर २ ते ३ मीटरपर्यंत जातो आणि बॅटरीसकट सगळं वजन साडेतीन ते साडेपाच किलो भरतं. शिडी न लावता जमिनीवर उभं राहून उंचावरच्या फांद्या कापता येतात, हाच त्याचा सगळा फायदा.

साखळी अंगापासून दोन मीटर लांब असल्यामुळे हे यंत्र साध्या चेनसॉपेक्षा निर्धोक वाटतं. साखळीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण इथल्या दुखापती प्रामुख्याने तीन गोष्टींमुळे होतात: खाली येणारी फांदी, जवळून गेलेली वीजवाहिनी आणि हात दमल्यावर सुटलेला ताबा. या तिन्हींचा निकाल ट्रिगर दाबण्याआधी, तुमचे पाय कुठे आहेत यावरच बराचसा लागलेला असतो. म्हणून सुरुवात पायांपासून करू.

उभं कुठे राहायचं

बहुतेक पुस्तिकांमध्ये एक ओळ असते: दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरू नका. कारण मात्र क्वचितच दिलेलं असतं. आकडे मांडले की ते लगेच दिसतं.

हातापासून बारपर्यंत अडीच मीटर अंतर आहे असं धरा. ४५ अंशांत बार हातांपेक्षा सुमारे १.७५ मीटर वर असतो आणि तुमच्यापासून आडवा तितकाच लांब. ६० अंशांत उंची सुमारे २.२ मीटर होते आणि आडवं अंतर सव्वा मीटरवर येतं. आता अजून थोडं वर पोचावं म्हणून दांडा ७५ अंशांपर्यंत उभा केलात, तर उंची मिळते जेमतेम २५ सेंटिमीटर जास्त, पण आडवं अंतर ६५ सेंटिमीटर उरतं. म्हणजे वीतभर उंचीसाठी अर्धं अंतर घालवलंत आणि फांदीच्या जवळजवळ खालीच जाऊन उभे राहिलात. उंची कमी पडत असेल तर दांडा लांबवा. तरीही पोचत नसेल तर ती फांदी या यंत्राची नाही.

पडणाऱ्या फांदीचा हिशेबही करून ठेवावा. १० सेंटिमीटर जाडीचा, २ मीटर लांबीचा ओल्या लाकडाचा तुकडा पानं सोडून १५ किलोच्या आसपास भरतो. जाडी १५ सेंटिमीटर झाली की तेवढ्याच लांबीचं वजन ३५ किलोच्या घरात जातं, कारण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. ४ मीटरवरून सुटलेला तुकडा जमिनीवर यायला एक सेकंदही लागत नाही आणि तो पोचतो ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाने. ‘पडायला लागली की बाजूला होईन’ हा बेत या वेळेत बसत नाही.

शिवाय फांदी सरळ खाली येत नाही. टोक जड आणि झुकलेलं असेल तर टोक आधी टेकतं, फांदी क्षणभर उभी राहते आणि मग कोणत्याही बाजूला कलंडते. जमिनीवर आपटून उसळते. आणि सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे तिरका धरलेला दांडा ही एक घसरगुंडीच असते. कापलेला तुकडा त्यावर पडला तर थेट तुमच्या हातांकडे घसरत येतो. म्हणून फांदीच्या खाली नाही, तिच्या रेषेतही नाही, तर बाजूला उभं राहायचं. दांडा छातीसमोर न धरता शरीराच्या एका बाजूला धरायचा.

मागे जायची वाट आधीच मोकळी करून घ्या. पाइप, बादली, आधी कापलेल्या डहाळ्या, खड्डे. मागे सरताना पाय अडकतो तो यांतच. सरायचं तेही सरळ मागे न जाता तिरकं मागे. पहिली फांदी खाली आली की ती ओढून बाजूला टाका, मग दुसरीला हात घाला. बघ्यांना आणि मदतनिसांना १५ मीटर लांब ठेवायचं. दांडा वर करून मान वर गेली की खाली कोण आलंय ते दिसत नाही, म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरं आधीच घरात.

शिडीवर, छपराच्या कडेवर किंवा झाडाच्या बेचक्यात उभं राहून पोल सॉ चालवू नये. काप संपतो त्या क्षणी इतका वेळ फांदीवर टेकलेलं करवतीचं डोकं एकदम सुटतं आणि त्याचा सगळा भार हातांवर येतो. जमिनीवर उभ्या माणसाला एक पाऊल टाकून तो हिसका जिरवता येतो. शिडीवर ते पाऊल टाकायला जागाच नसते.

तारा

‘बॅटरीवर चालतो, मग शॉक कसला?’ हा समज जिवावर बेतू शकतो. प्रश्न १८ किंवा ३६ व्होल्टच्या बॅटरीचा नाहीच, डोक्यावरून गेलेल्या तारेचा आहे. अनेक दांडे ॲल्युमिनियमचे असतात. फायबरग्लासचा असला तरी त्यावर ओल, चीक, धूळ बसते, आणि काही मॉडेलांत आतून धातूचा शाफ्ट जातो. पोल सॉला विजेपासून संरक्षण देणारं आवरण असतं असं धरून चालू नका.

उच्चदाबाच्या तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते, वीज हवेतून उडी मारू शकते. ओली फांदी तारेला टेकली तर फांदीतूनही प्रवाह येतो. म्हणून उत्पादकांच्या पुस्तिकांत तारांपासून १० ते १५ मीटर अंतर ठेवायला सांगितलेलं असतं. हे अंतर यंत्राच्या टोकापासून, दांड्यापासून आणि पडणाऱ्या फांदीच्या टोकापासूनही मोजायचं. तेवढी जागा नसेल तर काम वीज कंपनीला किंवा त्यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनाच द्या. आणि फांदी तारेवर पडलीच तर तिला हात लावायचा नाही, काठीने ढकलायची नाही. आजूबाजूची जमीनही विद्युतभारित असू शकते. तिथून लांब जाताना मोठी पावलं टाकू नका. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमीन न सोडता सरकत जा. दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक जास्त.

हात का दमतात

करवतीचं डोकं २ किलोचं, मागच्या हातापासून अडीच मीटरवर आणि दोन हातांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर. दांडा आडवा धरला तर पुढच्या हातावर सहा किलोंहून जास्त भार येतो, दांड्याचं वजन वेगळंच. ६० अंशांत तो भार साधारण निम्म्यावर येतो. म्हणूनच दमलेला माणूस नकळत दांडा उभा करत जातो आणि फांदीखाली शिरतो. हा सापळा ओळखून ठेवा.

उपाय साधे आहेत. दांडा लागेल तेवढाच लांबवायचा. दोन हातांमध्ये अंतर ठेवायचं. खांद्याचा पट्टा आला असेल तर तो लावायचा, पण एका झटक्यात सुटतो ना हे रिकाम्या यंत्रावर दोनदा करून बघायचं. हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आणि दहा मिनिटं कापलं की दांडा खाली ठेवून मान आणि खांदे मोकळे करायचे. दांड्याचे जोड आणि क्लॅम्पही याच वेळी बघा. लांबवलेला दांडा मध्येच घसरून आखूड झाला तर करवत वरून खाली येते.

डोळ्यांना चष्मा हवाच, बाजूंनी बंद असलेला. वर बघत कापताना भुसा नेमका तोंडावर पडतो. कडक टोपी, पकड देणारे हातमोजे, न घसरणारे बंद बूट आणि लोंबणारं काहीही अंगावर नाही. कानांना बोळे लावले तर बरं. बॅटरीचं यंत्र पेट्रोलच्या मानाने शांत असलं तरी लाकडात शिरलेली साखळी शांत नसते.

सुरू करण्याआधी: साखळी आणि तेल

बॅटरी काढलेली असतानाच साखळीला हात लावायचा, यात सूट नाही. पेट्रोलचा सॉ दोरी ओढल्याशिवाय जागा होत नाही आणि जागा असला की गुरगुरत राहतो. बॅटरीचा सॉ मात्र गप्प असतानाही तयारच असतो. बोट लागलं की साखळी फिरली. म्हणूनच ट्रिगरसोबत दाबायचं एक कुलूप-बटण असतं. ते सारखं दाबायचा कंटाळा येतो म्हणून चिकटपट्टी लावून बसवणारे लोक आहेत. त्या सॉला कोणी हात लावू नये.

ताण असा तपासा: बारच्या खालच्या बाजूला, मध्यावर, हातमोजा घालून साखळी खाली ओढा. ती तीनेक मिलिमीटर सुटावी, पण बारच्या खाचेत बसणारे आतले दुवे त्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. सोडल्यावर चट्कन जागेवर बसावी आणि हाताने पुढे ढकलली तर अडखळू नये. सैल साखळी बारवरून उतरते. फार ताणलेली साखळी बार आणि मोटर तापवते आणि बॅटरी खाते. नवी साखळी पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते, तेव्हा थांबून पुन्हा बघावी. गरम साखळी लांबलेली असते. ती तशीच ताणून ठेवली तर थंड होताना आखडते आणि बारला ओढ बसते. ताणलीच असेल तर काम संपल्यावर ढिली करून ठेवा.

साखळी उलटी बसवणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. उलटी बसली की फांदीवर धूर निघतो, लाकूड काळं पडतं, काप होत नाही आणि माणूस जोर लावत राहतो.

तेलाची टाकी छोटी असते. भरून घ्या आणि बारचं टोक कागदापासून वीतभर वर धरून काही सेकंद चालवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल पोचतंय. नाही उमटली तर बार काढून तेलाचं भोक आणि खाच भुशातून मोकळी करा. बहुतेक वेळा तिथेच गाठ असते. वापरलेलं इंजिन ऑइल घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, ते साखळीला चिकटून राहत नाही आणि झाडावर, मातीवर उडतं ते वेगळंच. काही स्वस्त मॉडेलांत आपोआप तेल सुटत नाही, तिथे दर दहा मिनिटांनी हाताने थेंब सोडावे लागतात.

काप

फांदी निवडताना डब्यावर लिहिलेल्या कमाल जाडीकडे न बघता बारच्या निम्म्या लांबीकडे बघा. ८ इंची बारला ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर जाडीपर्यंत काम आटोक्यात राहतं. लांब फांदी एका दमात उतरवू नये. टोकाकडून अर्ध्या-एक मीटरचे तुकडे करत बुंध्याकडे यायचं. प्रत्येक तुकडा हलका, पडणार कुठे ते दिसतं आणि उरलेल्या फांदीवरचा ताण कमी होत जातो.

बारच्या खालच्या बाजूने साखळी टोकाकडून मोटरकडे धावते. त्यामुळे वरून कापताना ती करवतीला पुढे, फांदीकडे ओढते. करवतीच्या डोक्याला असलेला अडसर किंवा डोक्याचा पुढचा भाग फांदीला टेकवून मग काप सुरू केला तर ही ओढ तुमच्याच कामी येते. न टेकवता सुरू केला तर डोकं हिसका देऊन पुढे जातं आणि दांडा हातात नाचतो. खालून, म्हणजे बारच्या वरच्या बाजूने कापताना उलटं होतं. साखळी यंत्राला तुमच्याकडे ढकलते, तेव्हा मागचा हात घट्ट हवा.

साखळी लाकडाला लागण्याआधी पूर्ण वेगात आली पाहिजे. मग डोक्याच्या वजनालाच काम करू द्या. दाबावं लागतंय म्हणजे साखळी बोथट आहे. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागू देऊ नका. तिथे धार लाकडात अडकली की बार वर उसळतो. दांडा लांब असल्याने तो तोंडावर येत नाही, पण हातातून सुटू शकतो. दाट पानांत मागची दुसरी फांदी दिसत नाही, टोक नेमकं तिलाच लागतं.

३-४ सेंटिमीटरपर्यंतची आखूड फांदी वरून एका कापात जाते. त्याहून जाड किंवा लांब फांदीला तीन काप द्यावे लागतात. पहिला खालून, बुंध्यापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. फांदी खाली वाकून बार चिमटीत पकडायच्या आत थांबायचं. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा दोन ते पाच सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला. फांदी मोडते, पण चीर खालच्या खाचेपाशी थांबते. खालचा काप टाळला तर अर्ध्यावर आलेली फांदी वजनाने फाटते, साल बुंध्यावरून पट्टीसारखी सोलत जाते आणि त्या पट्टीला लटकलेली फांदी झोका घेऊन खोडावर किंवा तुमच्या दांड्यावर आदळते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा.

खुंट कापताना फांदीच्या मुळाशी दिसणारा फुगवटा, म्हणजे फांदीची कॉलर, सांभाळायची. काप तिच्या लगेच बाहेर. अमेरिकन वनवैज्ञानिक ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड जखम ‘भरून’ काढत नाही, ती आतून कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. ते काम कॉलरच्या पेशी करतात. खोडाला घासून कापलं की त्याच जातात. खालून बघताना हे नीट दिसत नाही, नजर फसते. शंका असेल तर एक-दोन सेंटिमीटर बाहेर ठेवा. आत शिरण्यापेक्षा ते परवडलं. जखमेवर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही.

कापाच्या शेवटी फांदी कुरकुरते, खाच वरून रुंदावते. तेव्हाच हात सावध करा, ट्रिगर सोडा, दांडा सांभाळत तिरकं मागे व्हा. ट्रिगर सोडला तरी साखळी क्षणभर फिरत राहते. पोल सॉला साध्या चेनसॉसारखा चेन ब्रेक सहसा नसतो.

बार अडकलाच तर ओढू नका, वाकवू नका, मोटर चालू ठेवून हलवूही नका. ट्रिगर सोडा. दांड्यावर बॅटरी असेल तिथे हात पोचत असेल तर ती काढा. मग लांब बांबूने किंवा आकडीच्या काठीने फांदी वर उचलून खाच उघडायची. हे करताना फांदी तुटेल असं धरूनच उभं राहायचं. अर्धवट कापून दुसऱ्या फांदीत लटकलेल्या तुकड्याखाली जायचं नाही, जेवायच्या सुट्टीलाही नाही.

वारा असेल तर काम नको. डोलणाऱ्या फांदीत खाच उघडते-मिटते आणि पडण्याची दिशा बदलते. पावसातही नको. आणि ट्रिगर दाबण्याआधी दोन मिनिटं नुसतं वर बघावं: मधमाश्यांचं पोळं, गांधीलमाश्यांचं घर, आधीच तुटून अडकलेली वाळकी फांदी. वाळकं लाकूड काप पूर्ण व्हायची वाट बघत नाही, आधीच खळकन मोडतं.

बॅटरी

लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१ च्या आसपास. काही डब्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असतं, ते याच पॅकचं दुसरं नाव, त्यात जास्त जोर नसतो. किती वेळ चालेल हे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास यावरून कळतं. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे १४४ वॉट-तास. मोटर कापताना ७०० वॉट ओढत असेल तर सलग १२ मिनिटं. प्रत्यक्षात अधूनमधून कापतो म्हणून ते अर्ध्या-पाऊण तासावर जातं.

जोर पडला की पॅकमधलं सर्किट मोटर एकदम बंद करतं. तेव्हा ट्रिगर दाबत बसू नका. बार बाहेर काढा, पॅक निवू द्या. गरम पॅक लगेच चार्जरवर लावू नये. शून्य अंशांखाली चार्ज तर अजिबात करू नये, कारण आत लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि पॅक कायमचा बिघडतो. फुगलेला, चिरलेला किंवा उंचावरून पडलेला पॅक वापरातून काढा आणि ई-कचऱ्यात द्या. खिळे-नाण्यांच्या डब्यात सुटा पॅक टाकू नका, टोकं जुळली की आग लागते. महिनाभर वापर नसेल तर निम्मा चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा नको.

एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना बॅटरी काढा, बारवर म्यान चढवा आणि दांडा तोल साधून बार मागच्या बाजूला ठेवून न्या.

धार

खाली ढलपे पडताहेत तोवर साखळी चांगली आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस हातात घ्या. पोल सॉवर नेहमी दिसणाऱ्या ३/८ इंची लो-प्रोफाइल (बुटक्या दुव्यांच्या) साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस आणि ३० अंशांचा कोन लागतो. तुमच्या साखळीचा आकडा बारवर कोरलेला असतो, तो बघून कानस घ्या. फक्त पुढे ढकलत, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे दात आखूड झाले की काप तिरका जातो आणि बार खाचेत अडकायला लागतो. लोक तेव्हा बार वाकलाय म्हणून बदलतात, दोष मात्र साखळीचा असतो.

ठेवून देताना टाकीतलं तेल काढून घ्या. या टाक्या उभ्या-आडव्या ठेवल्या की थोड्या झिरपतातच, आणि चार महिन्यांनी सॉ उचलताना तेलकट दांडा हातातून निसटतो.